आरशाला टांगलेली माटोळी

देवाच्या नावाने केलेल्या कामाचे गुणदोष पाहू नयेत, असा एक समज आपल्या देवळांच्या परिवारांत रूढ आहे. आरास फसली तरी ‘भाव महत्त्वाचा’ असे म्हणून आपण पुढे होतो. भावाविषयी आमचे काहीच म्हणणे नाही. परंतु ज्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मखरे बांधली, पालख्या सजविल्या आणि माटोळ्या भरल्या, त्यांना चांगल्या व वाईट आराशीतला भेद कळत नव्हता असे मानणे हा त्यांचा अपमान होय. तो भेद त्यांना नेमका कळत होता. म्हणूनच एका अगदी किरकोळ वाटणाऱ्या वस्तूची समीक्षा करावयास आम्ही आज बसलो आहोत. ती वस्तू म्हणजे मोटारीच्या आतील आरशाला टांगावयाचे, घरच्या उरल्यासुरल्या सामानातून केलेले लटकन.

हैदराबादेतील गौलीगुडा हा भाग नावावरून गवळ्यांचा वाटला, तरी गेल्या शतकात तो चाकांचाच झाला. निजामाच्या राजवटीत येथे उभारलेल्या पोलादी कमानीच्या हँगरात शहराचे बसस्थानक अनेक दशके नांदले. १९९४ साली लांब पल्ल्याच्या गाड्या इमलीबनास गेल्या, आणि जुलै २०१८ मध्ये तो जुना हँगर कोसळला. हनुमानजयंतीची मोठी शोभायात्रा येथल्याच राममंदिरापासून निघून सिकंदराबादेतील ताडबंदच्या मारुतीकडे जाते. तीत वाहनांची रीघ लागलेली असते. शेजारच्या जांबागेत विवेकवर्धिनीसारखी संस्था असल्यामुळे मराठी माणसास हा परिसर परका नाही. खंडेनवमीस येथल्या गल्ल्यांत हिंडले, म्हणजे वाहनपूजेचा सोहळा घरोघर दिसतो. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, गुडीमल्कापूरच्या बाजारातून आलेल्या झेंडूचे हार, चाकांखाली लिंबे आणि दारात फोडलेला कोहळा. गेल्या खंडेनवमीस आम्ही असेच हिंडत होतो, आणि हारांपेक्षा गाड्यांच्या काचेआड जे लोंबत होते त्याकडेच आमचे लक्ष वेधले.

जे पाहिले ते थोडक्यात सांगतो. बहुसंख्य गाड्यांत विकतचाच माल होता. प्लास्टिकचे मणी, चकचकीत ओम, यंत्राने ओतलेला गदाधारी मारुती. शंभर गाड्यांत शंभर वेळा तोच. याविषयी लिहावे असे काही नाही. ज्या वस्तूच्या घडणीत कोणाचाच हात नाही, तिच्यात समीक्षकाने शोधावे तरी काय?

घरी केलेल्या वस्तूंची गोष्ट निराळी. एका रिक्षात जुन्या सीडीच्या दोन तबकड्या पाठीस पाठ लावून टांगल्या होत्या आणि त्यांच्या कडेने लग्नपत्रिकांवरील सोनेरी गणपती कापून चिकटविले होते. कल्पना हुशारीची होती; परंतु तबकडी वळली की उन्हाची तिरीप सरळ डोळ्यांत येई, आणि तो झगमगाट थांबेपर्यंत गणपती दिसतच नसत. दुसऱ्या एका मोटारीत लाडबाजारच्या लाखेच्या बांगड्या एकीत एक अडकवून साखळी केली होती. रंगसंगती देखणी होती. मात्र करणाऱ्याने लाखेचा स्वभाव विचारात घेतला नव्हता. लाख उष्णतेने मऊ होते; म्हणून तर तिची बांगडी वळता येते. हैदराबादेच्या वैशाखात काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या मोटारीचे आतले अंग म्हणजे भट्टीच. ती साखळी खालच्या बाजूस लांबोडी झाली होती आणि निम्मे खडे गळून गेले होते. सामान फुकटचे असले तरी त्याचे गुणधर्म फुकटात बदलत नाहीत.

तिसरी वस्तू मात्र आम्हांस थांबविणारी निघाली. आमच्या परिचयाच्या एका मराठी घरातील सूनबाईंनी ती केली होती. आरशाच्या खालच्या कडेस बांधलेले ते वीतभर रुंदीचे तोरण होते. वरची पट्टी एका जुन्या नारायणपेठी लुगड्याच्या काठाची. त्या काठावर देवळाच्या शिखरांसारखी लहान लहान नक्षी असते. ती शिखरे उलटी न होता सरळ उभी राहतील अशा बेताने पट्टी दुमडली होती. तिच्याखाली सुताच्या सात सरी. सरींत करवंटीच्या घासून गुळगुळीत केलेल्या चकत्या, रिठ्याच्या काळ्या बिया, जुन्या सदऱ्यांची शिंपल्याची बटणे, आणि वाढलेल्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे. तुकड्यांची धार दगडावर घासून मोडलेली होती. मधली सर सर्वांत लांब, कडेच्या क्रमाने आखूड. कोठेही डिंक नाही, चिकटवण नाही; सारे गाठीवर आणि टाक्यावर.

या कामाचे मोल आम्हांस कशात वाटले ते सांगावयास हवे. टाकाऊ सामानातून कलाकुसर करणारे बहुधा दोहोंपैकी एक चूक करतात. एक तर मूळ वस्तूस रंग व चमकी फासून ती कोण होती हेच लपवितात. नाही तर ‘पाहा, टाकाऊतून टिकाऊ’ असे ओरडून तिचे टाकाऊपणच मिरवितात. चंदीगडच्या नेकचंदांचे शिल्पोद्यान १९७६ साली लोकांस खुले झाले. त्यातील मूर्तींच्या अंगावरच्या फुटक्या बांगड्या व चिनी मातीची खापरे बांगड्या आणि खापरेच राहतात, तरीही त्या मूर्तीचे वस्त्र होतात. या लहानशा तोरणातही तसेच घडले होते. बटण बटणच होते, पण रिठ्याच्या काळ्या बीशेजारी आले की मोत्यासारखे दिसे. करवंटीचा तपकिरी रंग लुगड्याच्या काठाशी जुळत होता. निवड करणारा डोळा शिकलेला होता. आणि तो कोठल्या शाळेत शिकला होता हेही आमच्या ध्यानी आले.

ती शाळा म्हणजे माटोळी. आमच्या कोंकणी वाचकांस ती सांगावयास नको. दख्खनच्या वाचकांसाठी दोन शब्द लिहितो. गोव्यात चतुर्थीला गणपतीच्या माथ्यावर लाकडी चौकट टांगतात व तिला नारळ, सुपारीचे घोस, केळीचे घड, आंबाडे, तोरिंगे, चिबूड आणि रानातली नाना तऱ्हेची फळे, शेंगा व पाने बांधतात. सिंधुदुर्गात तिलाच माटवी म्हणतात. श्रावणभाद्रपदाच्या पावसात रान जे देईल ते तिचे सामान. बांधणाराचे कौशल्य म्हणजे वजनाचा तोल, रंगांचा क्रम आणि कोणते फळ कोणाशेजारी यावे याची जाण. तेलंगणातही हीच वृत्ती निराळ्या रूपाने दिसते. महालय अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत येथल्या स्त्रिया तरवडाची पिवळी व कुरडूची पांढरी-गुलाबी रानफुले थरावर थर रचून बतुकम्मा उभारतात. ज्या सूनबाईंविषयी आम्ही लिहीत आहोत, त्यांचे माहेर गोमंतकातले आणि सासर हैदराबादेतले. एका हाताने माटोळी बांधलेली, दुसऱ्याने शेजारणींबरोबर बतुकम्मा रचलेली. त्या दोहोंचे संस्कार त्या वीतभर तोरणात उतरले होते.

येथवर स्तुती झाली. आता जे लिहावयाचे ते आम्हांस जड जाते. हे तोरण सुंदर आहे, आणि ते जेथे टांगले आहे तेथे ते असता कामा नये.

हा निर्णय आम्ही वाहतुकीच्या पोलिसाच्या नजरेने देत नाही; देवळाच्याच नियमाने देतो. पुजारी मूर्तीस हार घालतो तेव्हा काय पाहतो? हार मुकुटावरून कितीही उतरो, खांद्यांवर कितीही चढो, तो नेत्रांवर येता कामा नये. शृंगार पुरा झाला की दोन पावले मागे सरून तो प्रथम देवाचे डोळे पाहतो. फुलाची एक पाकळी जरी आड आली तरी हलक्या हाताने बाजूस करतो. फूल कमी सुंदर म्हणून नव्हे, तर दृष्टी झाकणारा अलंकार हा अलंकारच नव्हे म्हणून. धावत्या मोटारीत देवत्व कोठे असेल ते असो. पण नेत्र कोठे आहेत हे निश्चित आहे. समोरची काच आणि हा आरसा हे तिचे नेत्र होत.

थोडे गणित सांगतो. आरशाखाली लोंबणारी वस्तू चालकाच्या डोळ्यांपासून पाऊण मीटराच्याही आत असते. वीतभर रुंदीची अखंड पट्टी त्या अंतरावर आली, तर पंधरा मीटरांवरची सुमारे तीन मीटर रुंदीची जागा ती दोन्ही डोळ्यांआड करू शकते. तीन मीटरांत एक स्कूटर स्वारासकट मावते. रस्ता ओलांडणारी आई आणि तिचे बोट धरलेले मूल मावते. शिवाय ही आड स्थिर नसते. ती डुलते, आणि डुलणाऱ्या वस्तूकडे नजर न कळत जाते. गौलीगुड्यासारख्या रस्त्यावर, जेथे हातगाडी, बस, रिक्षा आणि पादचारी एकाच वेळी एकाच जागेवर हक्क सांगतात, तेथे नजरेचा एक क्षणही उसना देण्याजोगा नसतो.

यावर कोणी म्हणेल, मग डॅशबोर्डवर ठेवावे. तेथेही देवाच्या भाविकांनी सावध राहिले पाहिजे. जुन्या अँबेसिडरचा डॅशबोर्ड ही साधी फळी होती. तीवर गणपती बसविला तर बिघडत नसे. आजच्या मोटारीत त्याच जागी, डावीकडील प्रवाशाच्या पुढ्यात, एअरबॅग दडलेली असते. आपल्या देशात चालकासमोरील एअरबॅग जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या प्रवाशासमोरील एअरबॅग नव्या मॉडेलांना एप्रिल २०२१ पासून सक्तीची झाली. धडक होताच ती डोळ्याचे पाते लवण्याच्या आत फुगून बाहेर येते. तिच्या झाकणावर चिकटविलेली पितळेची वा दगडाची मूर्ती त्या वेगाने कोणाकडे फेकली जाईल, याचा विचार मूर्ती बसविणाराने करावयास हवा. रक्षणासाठी ठेवलेला देव आपणच असा ठेवावा की त्याचा घाव बसावा, हे भक्तीस शोभत नाही. बैठकीच्या खोळींचेही तसेच. ज्या मोटारींत बैठकीच्या कडेतून एअरबॅग उघडते, तेथे हौसेने शिवलेली जाड, आरसेजडित खोळ तिची वाट अडविते.

‘अलंकार’ या शब्दातच याचे उत्तर आहे. ‘अलम्’ म्हणजे पुरेसे. आनंद कुमारस्वामी यांनी १९३९ साली अलंकारावर लिहिलेल्या निबंधात हा विचार मोठ्या व्यासंगाने मांडला. वस्तूस तिच्या कामासाठी पुरेशी, समर्थ करणारी जोड, तो मुळातला अलंकार; वरून चढविलेली शोभा हा अर्थ मागाहूनचा. पोळ्याच्या बैलाकडे पाहा. शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर झूल; पण डोळ्यांवर काही नाही, खुरांना अडखळेल असे काही नाही. घुंगरू वाजतात ते अंधाऱ्या वाटेवर गाडी येत असल्याची वर्दी म्हणूनही. आमच्या शेतकऱ्याने कुमारस्वामी वाचले नव्हते. त्यास वाचण्याची गरजही नव्हती.

फोंड्याच्या देवळांतील नवरात्राचे मखर हा तर या शास्त्राचा आदर्श पाठ होय. देवाभोवती लाकडाचा सांगाडा, रंगीत कागद, जरी, फुले यांची एवढी दाटी, आणि कीर्तन-आरतीच्या गजरात ते सारे मखर देवासकट झुलविले जाते. आम्ही ते अनेकदा पाहिले आहे. ध्यानात घेण्याची गोष्ट ही की मखर झुलते, पण मखरावरचे काहीही सुटे लोंबून देवाच्या मुखावर येत नाही. बांधणाराने झोका आधीच मनात धरलेला असतो. हलणाऱ्या आसनाची आरास कशी असावी, हे आपल्याच देवस्थानांनी शिकविले आहे. मोटार घेतल्यावर आपण ते विसरलो, एवढेच.

वाहनाच्या आत शोभेस जागाच नाही, असे मात्र आमचे म्हणणे नाही. मुंबईत २०१५ साली ‘टॅक्सी फॅब्रिक’ या नावाने एक उपक्रम सुरू झाला. तरुण चित्रकारांनी काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या बैठका, दारांची आतली अंगे आणि छत यांसाठी कापडांवर चित्रे रेखाटली. त्या चित्रांत काही बोलकी होती, काही नुसतीच भडक; पण त्यांनी शोभेची जागा अचूक हेरली. माथ्यावरचे छत ही मोटारीतील खरी माटोळीची जागा. प्रवासी मान वर करून पाहतो, चालकाची नजर मोकळी राहते. उणीव दिसली ती दुसरीकडे. ते कापड छापून आलेले होते; त्यात त्या चालकाच्या घरचा एकही धागा नव्हता. पद्मिनी टॅक्सींची सेवा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, आणि त्या गाड्यांत चालकांनी स्वतःच्या हाताने केलेली कितीतरी आरास नोंदीवाचून गेली. तिची समीक्षा कोणी केली नाही, म्हणून तिच्यातले चांगले काय होते हेही पुढच्यांस कळले नाही.

आता त्या तोरणाकडे परत येऊ. आम्ही सूनबाईंस सांगितले की तोरण अप्रतिम आहे, पण आरशावरून काढा. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “काका, सासूबाईंच्या लुगड्याचा काठ आहे हो तो. त्यांना याच गाडीतून दर शनिवारी मारुतीला न्यायचे मी. त्या पुढे बसायच्या.”

यावर तत्काळ उत्तर देणे आम्हांस जमले नाही. समीक्षकास वस्तू दिसते. वस्तूमागचे रिकामे आसन त्याला कोणी सांगितल्याखेरीज दिसत नाही. सासूबाईंची बटणे, सासूबाईंच्या बांगड्या, त्यांच्याच नजरेच्या उंचीवर टांगलेला त्यांचाच काठ. आता त्या तोरणाची जागाही आम्हांस कळली. कळूनही निर्णय बदलला नाही; परंतु ‘काढा’ एवढे सांगून भागणार नाही, हे उमगले.

मग आम्हांस माटोळीचाच दुसरा नियम आठवला. माटोळी कायमची नसते. गणपतीबरोबर ती येते, त्याच्याबरोबर उतरते. फळे घरात व शेजारी वाटली जातात, चौकट माळ्यावर जाते. बतुकम्माही पाण्यात सोडतात. देवाचा कालचा हार आज निर्माल्य होतो, आणि तो उतरविणे ही हार घालण्याइतकीच पूजा असते. आपली आरास जिवंत राहिली ती या उतरविण्यामुळे. जे वर्षभर लोंबते, ते महिन्याभरात दिसेनासे होते. त्यावर धूळ बसते, उन्हाने रंग उडतो, आणि आठवण म्हणून बांधलेल्या वस्तूकडे पाहण्याचीही आठवण राहत नाही.

तेव्हा आम्ही जे सुचविले ते येथे सर्वांसाठी लिहितो. तोरण वर्षातून एकदा, खंडेनवमीस, गाडी उभी असताना बांधावे. पूजा होईपर्यंत, आरती होईपर्यंत, घरातली मुले पुढच्या बैठकीवर बसून प्रसाद खाईपर्यंत ते तेथे असावे. बटण कोणाचे, बांगडी कोणाची, हे त्यांना सांगावे. मग गाडी सुरू करण्यापूर्वी, किल्ली फिरविण्याच्या आधी, ते आपल्या हाताने उतरवावे आणि देवघराच्या चौकटीस लावावे. पुढल्या वर्षी हवे तर एक सर नवी ओवावी. ज्यांना गाडीत नित्य काही हवेच असेल, त्यांनी मऊ कापडाची, गाठीटाक्यांनी पक्की केलेली वस्तू माथ्यावरच्या छतास, एअरबॅगची जागा सोडून, घट्ट शिवून घ्यावी. तेथे ती कोणाच्या दृष्टीआड येणार नाही आणि सुटूनही पडणार नाही.

सूनबाईंनी तोरण तेथेच आमच्यासमोर सोडले. बांधताना गाठ इतकी पक्की मारली होती की ती सुटावयास बराच वेळ लागला. कात्री मात्र त्यांनी लावू दिली नाही. पट्टी ओंजळीत घेऊन त्या घरात गेल्या. नंतर त्यांच्या यजमानांनी गाडी बाहेर काढली, तेव्हा काचेतून गल्लीच्या तोंडाशी उभी असलेली शाळकरी मुले स्वच्छ दिसत होती.